टपालाने होणारी बियाण्यांची आंतरराष्ट्रीय ने-आण

लागवडीसाठीचे बियाणे टपाल किंवा कुरियर सेवेमार्फत एका देशातून दुसऱ्या देशात पाठवण्यावर बहुतेक देशांत कायदेशीर निर्बंध आहेत. भारतात असे पार्सल दोन यंत्रणांच्या कक्षेत येते. सीमाशुल्क विभाग मालाचे वर्गीकरण, मूल्य आणि आयात धोरण पाहतो. वनस्पती संगरोध यंत्रणा, जिला व्यवहारात प्लांट क्वारंटाइन म्हणतात, बियाण्यांसोबत कीड, रोग किंवा तण देशात शिरत नाही ना, हे तपासते. पाकीट दहा ग्रॅमचे असले आणि बी केवळ परसबागेत लावायचे असले, तरी भारतात या दुसऱ्या तपासणीतून सूट मिळत नाही. परदेशी संकेतस्थळावरून फुलझाडांचे किंवा भाज्यांचे बी मागवणाऱ्यांना बहुधा पार्सल अडकल्यावरच या नियमाचा परिचय होतो.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि शेजारचे जालना हा देशातील बियाणे उद्योगाचा एक महत्त्वाचा पट्टा आहे. महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच महिको, १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालना येथे स्थापन केली. त्या वेळी जालना हा औरंगाबाद जिल्ह्याचाच भाग होता. स्वतंत्र जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. नाथ बायो-जीन्स आणि अजित सीड्स या कंपन्यांची मुख्यालये छत्रपती संभाजीनगरात आहेत. त्यामुळे बियाणे आयातीचे नियम, त्यांचे लाभ आणि ते ढिले पडल्याचे परिणाम या तिन्ही गोष्टींची उदाहरणे मराठवाड्यात आढळतात.

बी आणि धान्य

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गव्हाचा दाणा खाण्यासाठी आणला काय किंवा पेरण्यासाठी आणला काय, तो एकच असतो. संगरोधाच्या दृष्टीने मात्र या दोहोंत मोठे अंतर आहे. खाण्यासाठी आणलेले धान्य दळले जाते, शिजते आणि संपते. पेरलेले बी जमिनीत जाते, उगवते, आणि त्याच्या आत किंवा टरफलावर असलेली बुरशी, विषाणू अथवा जिवाणू यांना पहिल्या दिवसापासून जिवंत यजमान मिळतो. पुढच्या हंगामात त्याच पिकाचे बी शेजारच्या शेतात जाते. या कारणाने काही ग्रॅम बियाण्याला लागू होणारे नियम अनेकदा जहाजभर धान्याच्या नियमांपेक्षा कडक असतात.

जागतिक सीमाशुल्क वर्गीकरणातही पेरणीसाठीच्या भाजीपाला, फुले, चारापिके इत्यादींच्या बियांसाठी १२०९ हे स्वतंत्र शीर्ष आहे. पाकिटावर केवळ ‘सीड्स’ एवढे लिहून भागत नाही. माल कोणत्या वनस्पतीचा आहे आणि पेरणीसाठी आहे की खाण्यासाठी, हे स्पष्ट करावे लागते.

इतिहास

वनस्पतींच्या रोगराईवर देशांनी एकत्रितपणे निर्बंध आणण्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकात झाली. द्राक्षवेलीच्या मुळांवर जगणाऱ्या फिलॉक्सेरा या किडीने युरोपातील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्यावर १८७८ साली बर्न येथे त्याविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतातील पहिला ठळक उपाय मुंबई बंदराशी निगडित आहे. अमेरिकेतील कापसाचे अतोनात नुकसान करणारा मेक्सिकन बोल वीव्हिल हा सोंडकिडा गाठींबरोबर येऊ नये, म्हणून १९०६ साली अमेरिकी कापसाची आयात केवळ मुंबई बंदरातून करण्याचे आणि तेथे गाठींना विषारी वायूची धुरी देण्याचे बंधन घालण्यात आले. हा सोंडकिडा आजवर भारतात स्थिरावलेला नाही. संगरोध यशस्वी झाला की सांगण्यासारखे काही घडत नाही, म्हणून अशा उपायांची आठवण क्वचितच राहते.

विध्वंसक कीटक व कीड अधिनियम ३ फेब्रुवारी १९१४ रोजी संमत झाला. पुढील सर्व आदेश याच अधिनियमाखाली निघाले आहेत. वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालय १९४६ साली स्थापन झाले. त्याचे मुख्यालय फरीदाबाद येथे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या पुढाकाराने १९५१ साली आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार झाला. निर्यातदार देशाने द्यावयाच्या फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राचा सर्वमान्य नमुना या करारातून आला.

परदेशी भाजीपाला व फुलांचे बियाणे भारतीय बाजारात सहज दिसू लागले ते १९८८ च्या नव्या बियाणे विकास धोरणानंतर. या धोरणाने त्यांच्या आयातीवरील परवाना पद्धत मोठ्या प्रमाणात शिथिल केली. संगरोधाची अट मात्र कायम ठेवली. सध्या लागू असलेला वनस्पती संगरोध (भारतात आयातीचे नियमन) आदेश २००३ सालचा आहे.

गाजरगवत

बियांची अजाणता झालेली आयात म्हणून महाराष्ट्रात सर्वांत जास्त उल्लेखले जाणारे उदाहरण गाजरगवताचे, म्हणजे पार्थेनियम हिस्टेरोफोरसचे आहे. उष्णकटिबंधीय अमेरिकेतील हे तण १९५५ साली पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर आढळले आणि काही दशकांतच ते देशभर पसरले. एका झाडाला हजारो बिया येतात. त्या वारा, पाणी आणि वाहनांबरोबर पसरतात. तणाच्या स्पर्शाने अनेकांना त्वचेचा चिवट दाह होतो.

अमेरिकेने पीएल-४८० योजनेखाली पाठवलेल्या गव्हातून हे बी आले, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. ‘काँग्रेस गवत’ या लोकनामाचा संबंधही पुष्कळदा त्या काळातील धान्य आयातीशी जोडला जातो. तारखा पाहता ही कथा जशीच्या तशी स्वीकारता येत नाही : या योजनेखालील भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला, तर पुण्यातील नोंद त्याआधीची आहे. तथापि १९५१ मध्ये अमेरिकेने गव्हासाठी कर्ज दिले होते, म्हणजे अमेरिकी गहू त्यापूर्वीही येत होता. शिवाय विल्यम रॉक्सबर्ग यांच्या कोलकाता येथील उद्यानाच्या १८१४ सालच्या वनस्पतिसूचीत या वनस्पतीचे नाव आहे. म्हणून धान्यातून आलेले बी हे विसाव्या शतकातील प्रसाराचे संभाव्य कारण मानले जाते, पहिल्या आगमनाचे नव्हे.

या तणाच्या जैविक नियंत्रणासाठी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी मेक्सिकोतून झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगेरा आणण्यात आला. त्याला सोडण्यापूर्वी तो अन्य पिके खातो का, याच्या चाचण्या संगरोधात घेण्यात आल्या.

सूर्यफूल आणि केवडा रोग

मराठवाड्याचे स्वतःचे उदाहरण सूर्यफुलाचे आहे. तेलबिया म्हणून या पिकाची भारतातील लागवड १९६९ च्या सुमारास तत्कालीन सोव्हिएत संघातून आणलेल्या वाणांनी सुरू झाली. ईसी ६८४१४ आणि ईसी ६८४१५ ही त्यांची नावे अनेक वर्षे शेतकऱ्यांच्या तोंडी होती. यातील ‘ईसी’ म्हणजे एक्झॉटिक कलेक्शन, अर्थात परदेशातून आणलेल्या बियाण्याला भारतात दिला जाणारा नोंदणी क्रमांक. एखाद्या संगरोध नोंदीचा क्रमांकच वाणाचे बाजारातील नाव होऊन बसावा, हे तसे विरळा.

१९८० च्या दशकाच्या मध्यात लातूर परिसरातील सूर्यफुलावर केवडा रोग आढळला. भारतातील ही त्याची पहिली नोंद होती आणि ती परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठातील सी. डी. मायी आणि एम. ए. पाटील यांनी प्रसिद्ध केली. प्लास्मोपारा हाल्स्टेडी या रोगकारकामुळे झाडे खुजी राहतात, पाने पिवळट पडतात, पानांच्या खालच्या बाजूस पांढरी वाढ दिसते आणि फुलात दाणे भरत नाहीत. रोगकारकाचे जाड भिंतीचे बीजाणू जमिनीत अनेक वर्षे टिकतात. त्याचा प्रसार बियाण्यातूनही होतो. वरून निरोगी दिसणारे बी रोगवाहक असू शकते. परदेशी बियाण्यासोबत तो देशात आला असावा, असे मानले जाते. त्यानंतर बियाण्यावर मेटालॅक्झिलची प्रक्रिया आणि रोगप्रतिकारक संकरित वाण हे या पिकाचे नित्याचे खर्च झाले.

केवळ डोळ्यांनी पाहून बियाणे सोडता येत नाही, प्रयोगशाळेतील चाचणी आणि काही वेळा उगवून पाहणे आवश्यक ठरते, ते अशा रोगांमुळे.

शंभर ग्रॅम कापूस

लहान पाकिटाचे महत्त्व दाखवणारे दुसऱ्या टोकाचे उदाहरण जालन्याचे आहे. मार्च १९९५ मध्ये केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने महिको कंपनीला अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीकडून कोकर ३१२ या जनुकीय परिवर्तित कापसाचे १०० ग्रॅम बी आणण्याची परवानगी दिली. त्यात बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूतील बोंडअळीविरोधी जनुक होते. हे बी थेट शेतकऱ्यांना विकण्यासाठी नव्हते. त्याचा भारतीय वाणांशी वारंवार संकर करून ते जनुक भारतीय कापसात आणले गेले. २६ मार्च २००२ रोजी मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या तीन संकरित वाणांना व्यापारी लागवडीची मान्यता मिळाली. पुढे देशातील कापसाखालील क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटी कापसाने व्यापले. गुलाबी बोंडअळीने कालांतराने प्रतिकारशक्ती मिळवली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना तिचा मोठा फटका बसला.

जनुकीय परिवर्तित बियाण्यासाठी संगरोधाच्या परवान्याखेरीज पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखालील १९८९ च्या नियमांनुसार वेगळी मंजुरी लागते. ती नसताना असे बी टपालाने आणणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

भारतात बियाणे आणण्याची पद्धत

२००३ च्या आदेशानुसार पेरणीसाठीच्या बियाण्याला दोन कागदपत्रे मूलभूत आहेत : माल निघण्यापूर्वी भारतातून घेतलेला आयात परवाना आणि निर्यातदार देशाच्या अधिकृत संस्थेचे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र. बियाणे व लागवड साहित्यासाठीच्या परवान्याचा अर्ज पीक्यू ०२ या नमुन्यात केला जातो. संशोधनासाठीचे जननद्रव्य वेगळ्या वाटेने येते. त्याचा परवाना नवी दिल्लीतील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरो देतो.

आदेशाला जोडलेल्या अनुसूचींमध्ये वनस्पती आणि मूळ देश यांच्या जोड्या दिल्या आहेत. काही जोड्यांवर पूर्ण बंदी आहे, काहींना विशेष अटी आहेत, काहींना केवळ प्रमाणपत्र व तपासणी पुरते. सामान्य आयातदाराच्या लक्षात न येणारी बाब अशी की, अनुसूचीत नाव नसणे म्हणजे मोकळीक नव्हे. ज्या वनस्पतीचा त्या देशाच्या संदर्भात उल्लेख नाही, तिच्या बाबतीत आधी कीडजोखीम विश्लेषण व्हावे लागते. एका व्यक्तीच्या हौसेखातर ही दीर्घ प्रक्रिया सुरू होण्याचा संभव जवळजवळ नसतो. संगरोधयोग्य तणांचीही यादी आहे आणि त्यांच्या बिया आढळल्यास माल रोखला जातो. माती आणण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. त्यामुळे मातीसह पाठवलेले कंद वा रोपे बियांपेक्षाही लवकर अडचणीत येतात.

पेरणीचे बियाणे देशात कोठूनही उतरवता येत नाही. आदेशाने त्यासाठी मुंबई, नवी दिल्ली, चेन्नई, कोलकाता आणि अमृतसर येथील प्रादेशिक संगरोध केंद्रे नेमली, आणि आणखी केंद्रे अधिसूचित करण्याची तरतूद ठेवली. मराठवाड्यातील आयातदारांना यांतील सर्वांत जवळचे केंद्र मुंबईचे आहे. तपासणीत माल सदोष आढळल्यास धुरी किंवा अन्य प्रक्रिया, परत पाठवणी अथवा नाश यांपैकी निर्णय होतो. कागदपत्रांविना आलेला माल सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १११ खाली जप्तीस पात्र ठरतो.

‘भेट’ म्हणून पाठवलेल्या पार्सलांविषयी आणखी एक निर्बंध आहे. डिसेंबर २०१९ मधील विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेने टपाल किंवा कुरियरने भेटवस्तू म्हणून होणारी आयात बंद केली. अपवाद फक्त जीवनरक्षक औषधे आणि राखी यांचा ठेवला. परदेशातील नातेवाइकाने भेट म्हणून पाठवलेल्या फुलझाडांच्या बियांना त्यामुळे संगरोधाखेरीज हीही आडकाठी आहे.

न मागवलेली पाकिटे

२०२० च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील अनेक राज्यांत लोकांना न मागवलेल्या बियांची पाकिटे टपालाने आली. त्यांतील बऱ्याच पाकिटांवर चीनमधील प्रेषकाचा उल्लेख होता आणि आत दागिने असल्याचे लिहिले होते. तपासणीत मोहरी, कोबी, पुदिना, जास्वंद, लव्हेंडर अशा सामान्य वनस्पतींच्या बिया निघाल्या. ऑनलाइन विक्रेत्यांनी खोटी विक्री व अभिप्राय दाखवण्यासाठी हा प्रकार केला असावा, असा अमेरिकी कृषी खात्याचा अंदाज होता. भारताच्या कृषी मंत्रालयाने ६ ऑगस्ट २०२० रोजी राज्यांची कृषी खाती, कृषी विद्यापीठे आणि बियाणे उद्योगाला सावधगिरीची सूचना दिली. अमेरिकी खात्याने लोकांना असे बी न पेरण्याचे आणि पाकिटासह जपून ठेवण्याचे आवाहन केले, कारण कचऱ्यात टाकलेले बीही उगवू शकते.

भारतातून बियाणे पाठवणे

परदेशस्थ मराठी कुटुंबांकडून अंबाडी, चुका, चाकवत, गवार, वाल अशा भाज्यांच्या बियांना मागणी असते, कारण तेथील दुकानांत त्या सहसा मिळत नाहीत. भारतातून बी पाठवताना निर्णायक ठरतात ते पोहोचण्याच्या देशाचे नियम. भारतीय बाजूने फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र वनस्पती संरक्षण संचालनालयाचे अधिकारी किंवा राज्य कृषी खात्यातील अधिसूचित अधिकारी देतात. टपालाच्या पार्सलावर सीएन २२ किंवा, अधिक मूल्याच्या मालासाठी, सीएन २३ हे सीमाशुल्क घोषणापत्र लागते.

अमेरिकेची व्यवस्था हौशी बागकाम करणाऱ्यांना सर्वांत सोयीची आहे. तेथील रहिवाशाने ‘स्मॉल लॉट्स ऑफ सीड’ हा परवाना आधी काढला, तर फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राशिवाय थोडे बी मागवता येते. एका पाकिटात जास्तीत जास्त ५० बिया किंवा १० ग्रॅम, आणि एका पार्सलात जास्तीत जास्त ५० पाकिटे, अशी मर्यादा आहे. प्रत्येक पाकिटावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव हवे. ‘गावठी’ किंवा ‘देशी’ एवढा उल्लेख पुरत नाही. पार्सल घरच्या पत्त्यावर न जाता परवान्यासोबत मिळणारे हिरवे-पिवळे लेबल लावून प्रथम कृषी खात्याच्या तपासणी केंद्रात जाते. बंदी असलेल्या वनस्पती या सवलतीत येत नाहीत. एका विषाणूच्या प्रसारामुळे टोमॅटो व मिरचीच्या बियांवर नोव्हेंबर २०१९ पासून निराळे निर्बंध आले.

युरोपीय संघाने १४ डिसेंबर २०१९ पासून बाहेरील देशांतून येणाऱ्या लागवडीच्या बियाण्यासाठी प्रमाणपत्र सक्तीचे केले. प्रवाशाच्या सामानातील पाकीटही त्यातून सुटत नाही. ऑस्ट्रेलियात कोणती बी चालते हे बायकॉन या सरकारी माहितीकोशात वनस्पतीच्या शास्त्रीय नावाने पाहावे लागते.

अमेरिकेने अल्प मूल्याच्या पार्सलांवरील शुल्कमाफी रद्द केल्याने भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्ट २०२५ पासून तिकडील बहुतेक पार्सले स्वीकारणे थांबवले होते. ती सेवा ऑक्टोबर महिन्यात पुन्हा सुरू झाली.