लेगोच्या साध्या ठोकळ्यांचा सुटा ढीग लोकांना अजूनही का हवा असतो?

दोन बाय चार. रुंदीला दोन, लांबीला चार, असे डोक्यावर आठ गोल उंचवटे असलेला प्लॅस्टिकचा ठोकळा. लेगोचा हा अगदी साधा तुकडा. त्याला ना चाक, ना खिडकी, ना सिनेमातल्या एखाद्या हिरोचं तोंड.

असे एकाच रंगाचे दोन ठोकळे घ्या. ते एकमेकांना २४ प्रकारे जोडता येतात. तिसरा घेतला की प्रकार होतात १,०६०. आणि सहा घेतले तर? ९१,५१,०३,७६५. म्हणजे एक्क्याण्णव कोटींच्या वर!

गंमत म्हणजे लेगो कंपनी स्वतः बरीच वर्षं हा आकडा १०,२९,८१,५०० असा सांगायची. त्या हिशेबात फक्त एकावर एक चढवलेले सहा मजली मनोरे धरले होते. एकाच थरात दोन-तीन ठोकळे शेजारी शेजारी बसू शकतात, हे त्यात आलंच नव्हतं. पुढे कोपनहेगन विद्यापीठातले गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी कॉम्प्युटरवर मोजून पूर्ण आकडा काढला.

सहा ठोकळ्यांची ही गत, तर डबाभर ठोकळ्यांचं काय?

हे एकमेकांत अडकतात कसे?

डेन्मार्कमधल्या बिलुंड गावातले सुतार ओले कर्क क्रिस्टियानसेन यांनी १९३२ साली लाकडी खेळणी बनवायला सुरुवात केली. ‘लेग गोट’ म्हणजे डॅनिश भाषेत ‘छान खेळ’. त्यावरून लेगो हे नाव आलं. प्लॅस्टिकचे ठोकळे त्यांनी १९४९ मध्ये काढले, पण ती कल्पना मूळची त्यांची नव्हती. ब्रिटनमधल्या हिलरी फिशर पेज यांच्या किडीक्राफ्ट कंपनीचे तसे ठोकळे आधीच बाजारात होते आणि लेगोने त्यांच्यावरूनच आपले बनवले.

ते आतून पोकळ होते. बसायचे, पण घट्ट धरायचे नाहीत. ओले यांचा मुलगा गोटफ्रेड यांनी २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी अर्ज केला, त्यात ठोकळ्याच्या पोटात नळ्या आल्या. खालच्या ठोकळ्याचा उंचवटा आता वरच्या ठोकळ्याची भिंत आणि नळी यांच्यात दाबून बसायला लागला. लहान मुलाच्या बोटांनी बसेल आणि त्याच बोटांनी निघेल, पण आपोआप सुटणार नाही, इतकी ही पकड. सगळा धंदा या पकडीवर उभा आहे.

मापंही तेव्हापासून तीच. दोन उंचवट्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. १९५८ सालचा ठोकळा आज कारखान्यातून निघालेल्या ठोकळ्यावर बसतो. आजोबांचा डबा नातवाला चालतो, असं प्लॅस्टिकच्या फार कमी वस्तूंबद्दल म्हणता येईल.

एक-दोन डझनांनी भागत का नाही?

साधा हिशेब करू. ३२ उंचवटे लांबीची, म्हणजे साधारण साडेपंचवीस सेंटिमीटरची चौकोनी खोली बांधायची आहे. भिंत दोन उंचवटे जाड. एका थराला दोन बाय चारचे ३० ठोकळे लागतात. दहा थर चढवले की ३०० ठोकळे संपतात आणि भिंतीची उंची होते जेमतेम ९.६ सेंटिमीटर. अजून छप्पर बाकी आहे!

सिनेमा किंवा गाडीच्या सेटमध्ये तुकडे खूप असतात, पण बरेचसे वेगवेगळ्या आकारांचे. एकसारखे तीनशे त्यात सापडणार नाहीत. शिवाय गवंडी जसा एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या सांध्यावर येऊ देत नाही, तसंच इथेही करावं लागतं. नाहीतर भिंत मधूनच फाटते. त्यासाठी एकाच मापाचा भरपूर माल हाताशी हवा.

खास तुकड्याचा दोष असा की तो काय आहे हे आधीच ठरलेलं असतं. विमानाचं नाक फार तर विमानाचं नाक होतं. लाल ठोकळा आज कौल होतो, उद्या फायर ब्रिगेडची गाडी, परवा ड्रॅगनची जीभ. चुकलं तर मोडा, सगळे ठोकळे परत मिळतात.

म्हणून सूचनांची पुस्तिका असलेले सेट वाईट ठरत नाहीत. नवीन जोडणी कशी करायची हे पुष्कळ मुलं त्यातूनच शिकतात. पण असा सेट एकदा बांधून शोकेसमध्ये गेला की बहुतेक वेळा तिथेच राहतो.

कंपनीलाच विसर पडला तेव्हा

२००३-०४ मध्ये लेगो मोठ्या तोट्यात गेली. कारणं बरीच होती, पण एक नेमकं हेच. डिझायनर मंडळींनी प्रत्येक सेटसाठी नवनवे तुकडे काढले आणि वेगवेगळ्या तुकड्यांची संख्या बारा हजारांच्या पुढे गेली. प्रत्येक नव्या आकाराला नवा साचा लागतो आणि असे साचे स्वस्त नसतात. २००४ मध्ये प्रमुख झालेल्या योर्गन विग क्नुडस्टोर्प यांनी ही संख्या जवळपास निम्म्यावर आणली. कंपनी सावरली. त्यात स्टार वॉर्सच्या सेटचाही वाटा आहे, पण ते सेटसुद्धा मग शक्यतो असलेल्याच तुकड्यांतून बनवायचं धोरण आलं.

२०१५ मध्ये क्लासिक नावाचे डबे आले. त्यातल्या मोठ्या डब्यात ७९० तुकडे आणि ३३ रंग. डबा रंगीबेरंगी दिसतो खरा, पण इतके रंग असले की एका रंगाचे तुकडे थोडेच येतात. सलग पांढरी भिंत बांधणाऱ्याची त्यात अडचणच होते. असे लोक परदेशात लेगोच्या दुकानातल्या ‘पिक अ ब्रिक’ भिंतीकडे जातात. तिथे हवे ते तुकडे कपात भरायचे आणि कपाचे पैसे द्यायचे. जुने ठोकळे तर तिकडे चक्क किलोवर विकले जातात.

आय वेवे यांची ऑर्डर

ढिगाने ठोकळे मागणाऱ्यांत कलाकारही असतात. चिनी कलाकार आय वेवे यांना मेलबर्नच्या प्रदर्शनासाठी ठोकळे हवे होते. राजकीय कामासाठी आम्ही माल देत नाही, असं सांगून लेगोने नकार दिला. त्यांनी ही गोष्ट ऑक्टोबर २०१५ मध्ये जाहीर केली आणि जगभरातून लोक त्यांना आपले ठोकळे द्यायला पुढे आले. ते गोळा करायला शहराशहरांत गाड्या उभ्या केल्या होत्या, ठोकळे टाकायचे वरच्या उघड्या काचेतून. जानेवारी २०१६ पासून लेगोने मोठ्या ऑर्डरवर ‘कशासाठी हवेत’ हा प्रश्न विचारणं बंद केलं.

इतर कंपन्यांचे ठोकळे चालतात का?

कायद्याने अडचण नाही. मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली. मग लेगोने ठोकळ्याचा आकार हाच आपला ट्रेडमार्क आहे असा दावा केला. तो कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये आणि युरोपियन युनियनच्या कोर्टाने २०१० मध्ये फेटाळला. उंचवटे हे शोभेसाठी नसून काम करण्यासाठी आहेत, तेव्हा ते कायमचे एकाच्या मालकीचे होऊ शकत नाहीत, असा साधारण अर्थ.

भारतात या गोष्टीला जास्त महत्त्व आहे. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. तेव्हा स्वस्त डबा घेताना आधी तो मार्क बघायचा. मग चार-पाच ठोकळे एकावर एक लावून आडवे धरायचे. वाकले, गळले तर तो डबा कितीही मोठा असो, त्याची भिंत उभी राहणार नाही. आणि घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर लहान ठोकळे नकोतच, ते गिळले जातात. त्यांच्यासाठी लेगोचे डुप्लो नावाचे मोठे ठोकळे येतात, सगळ्या बाजूंनी दुप्पट मापाचे. मूल मोठं झालं की लहान ठोकळे त्यांच्यावरही बसतात.