लव्हाळा कुलातील फळांची सूक्ष्मरचना

लव्हाळा, नागरमोथा, कसेरू या वनस्पती ज्या कुलात येतात त्या सायपरेसी कुलात सुमारे ५,५०० जाती आहेत. गवतासारखी पाने आणि अगदी लहान, पाकळ्याहीन फुले यांमुळे त्या ओळखणे कठीण जाते. अशा वेळी पिकलेले फळ उपयोगी पडते. व्यवहारात त्याला बी म्हणतात. वस्तुतः ते एकबीजी, शुष्क, न फुटणारे कृत्स्नफळ असते.

फळाच्या बाह्यत्वचेतील पेशींच्या आतल्या भित्तीवर सिलिका साचून शंकूसारखे उंचवटे तयार होतात. केरेक्स प्रजातीत पेशीच्या मध्यभागी बहुधा एक मोठा उंचवटा असतो. त्याभोवती कधी लहान उंचवटेही दिसतात. त्यांची संख्या, आकार आणि पेशीचा घाट यांवरून जवळच्या जाती वेगळ्या करता येतात. उंचवटे झाकणारी बाहेरची भित्ती आधी आम्लाने काढतात, मग फळावर सोन्याचा पातळ थर देऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहतात. पायक्रियस प्रजातीचे गट पाडताना पेशी समव्यासी की लांबट, हे लक्षण वापरतात. भातखाचरांत आणि कोकणच्या सड्यांवर आढळणाऱ्या फिंब्रिस्टायलिसच्या काही जातींत आडव्या लांबट पेशींची नक्षी असते.

फळ पक्व नसेल तर ही लक्षणे फसवतात. शेतकऱ्याच्या सर्वाधिक परिचयाचा लव्हाळा तर क्वचितच पक्व फळ धरतो. तो गाठींवरूनच ओळखावा लागतो. उलट, तळ्यांच्या जुन्या गाळात कृत्स्नफळे दीर्घकाळ टिकतात, म्हणून प्राचीन पाणथळींच्या अभ्यासात त्यांना मोठे मोल आहे.