शिपायाचे मनगटी घड्याळ

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात टाकळी नावाचे एक गाव आहे. तेथील तरुण पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जात राहिले, आणि लोक त्या गावाला सैनिक टाकळी म्हणू लागले. शिपाईगिरी ही या जिल्ह्यात अनेक घरांची परंपरा आहे. मुलगा भरतीत उत्तीर्ण होऊन बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राकडे निघाला, म्हणजे घरची माणसे त्याच्याबरोबर जे काही देतात त्यात पुष्कळदा एक मनगटी घड्याळ असते. दुकानातील काचेच्या कपाटापुढे उभे राहून बाप विचारतो, 'यातले टिकाऊ कोणते?' प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर देण्यास सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहावा लागतो. शिपायाच्या घड्याळात जे जे गुण आज आपण गृहीत धरतो, ते सारे युद्धाने शिकविलेले आहेत, आणि ते शिक्षण स्वस्तात झालेले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपात मनगटावर घड्याळ बांधणे हा स्त्रियांचा शृंगार समजला जाई. पुरुषाचे घड्याळ कोटाच्या खिशात, साखळीला अडकविलेले असावयाचे. आपल्याकडेही सरदार आणि वकील मंडळींनी हीच चाल उचलली. नगरातील इतरांना वेळ सांगण्याचे काम सार्वजनिक घड्याळाकडे असे. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे काम १८८४ साली पुरे झाले. त्याच्या मनोऱ्यावरील घड्याळ अशाच काळाची खूण आहे. छावणीतील साध्या शिपायाला वेळ कळे ती बिगुलावरून. उठणे, कवाईत, जेवण, निजणे ही सर्व कामे तो कानाने ओळखी. डोळ्यांनी वेळ पाहण्याची त्याला गरजच नसे.

ही गरज प्रथम अधिकाऱ्यांना भासली. घोड्यावरील माणसाच्या एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात दुर्बीण असता त्याने खिशातील घड्याळ काढावे तरी कसे? १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत झालेल्या बोअर युद्धात कित्येक इंग्रज अधिकाऱ्यांनी खिशातलेच घड्याळ चामड्याच्या वाटीवजा पट्ट्यात बसवून मनगटाला बांधले. दिसायला ते बोजड होते. पण हात मोकळा राहिला, आणि बायकी म्हणून हिणवलेली वस्तू मर्दानी ठरली.

तथापि मनगटी घड्याळाला सैन्यात खरे स्थान मिळाले ते पहिल्या महायुद्धात. या युद्धात खंदकांतून लढाई होऊ लागली, आणि मैलोगणती पसरलेल्या पलटणींना एकाच क्षणी उठावयाचे असे. तोफांच्या गडगडाटात बिगूल ऐकू जाईना, टेलिफोनच्या तारा गोळ्यांनी तुटत. तेव्हा हल्ल्याची वेळ आधी ठरवून सर्व अधिकाऱ्यांची घड्याळे जुळवून घेण्याची रीत पडली. १ जुलै १९१६ रोजी सकाळी साडेसात वाजता सोम नदीच्या आघाडीवर हजारो माणसे खंदकांबाहेर पडली, ती अशा जुळविलेल्या घड्याळांच्या आधारानेच.

त्याच सुमारास तोफखान्याची एक नवी पद्धत रूढ झाली. तोफगोळ्यांचा पडदा पायदळाच्या पुढे पुढे सरकवावयाचा. दर तीन-चार मिनिटांनी सुमारे शंभर यार्ड पुढे न्यावयाचा. आणि शिपायांनी त्याच्या पाठोपाठ, धुराला लगटून चालावयाचे. तोफा मागे दोन-तीन मैलांवर असत. तोफखान्याचा अधिकारी आणि पायदळाचा अधिकारी एकमेकांस दिसत नसत. दोघांमध्ये दुवा काय तो घड्याळाचा. पायदळ दोन मिनिटे मागे राहिले, तर पडदा पुढे निघून जाई आणि शत्रूच्या मशीनगनी पुन्हा डोके वर काढीत. पायदळ दोन मिनिटे आधी निघाले, तर आपल्याच तोफांचे गोळे आपल्याच माणसांवर पडत. एका मनगटावरील चूक अशी शंभर माणसांच्या वाट्याला येई. १९१६ साली आघाडीवर जाणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांसाठी निघालेल्या एका मार्गदर्शक पुस्तकात बरोबर न्यावयाच्या सामानाची यादी आहे. तिच्यातील पहिली वस्तू अंधारात दिसणारे आणि न फुटणाऱ्या काचेचे मनगटी घड्याळ ही होय. पिस्तुलाचा क्रम त्याच्या नंतर लागतो.

या युद्धात मराठी शिपायाची परीक्षा मुख्यतः मेसोपोटेमियाच्या वाळवंटात झाली. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कुत येथे जो वेढा पडला, त्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. त्या प्रदेशातील धूळ पिठासारखी बारीक, आणि उन्हाळा असह्य. अशा हवेत नाजूक घड्याळाचा निभाव लागणे कठीण. वेस्ट एंड वॉच कंपनी ही मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्विस व्यापाऱ्यांनी उभारलेली पेढी हिंदुस्थान आणि मध्यपूर्वेच्या हवेत टिकतील अशी घड्याळे विकीत असे. लष्करी गिऱ्हाइकांत प्रिय झालेल्या तिच्या एका घड्याळाचे नाव 'सोवार', म्हणजे आपला स्वार. स्वित्झर्लंडात घडलेल्या यंत्राला घोडदळातील देशी शिपायाचे नाव मिळावे, यावरून ते घड्याळ कोणाच्या मनगटासाठी होते हे स्पष्ट होते.

अंधारात दिसणाऱ्या घड्याळाची कथा मात्र करुण आहे. काटे आणि आकडे रात्री चमकावेत म्हणून त्यांवर रेडियममिश्रित रंग लावीत. अमेरिकेत न्यू जर्सीतील कारखान्यात हे काम तरुण मुली करीत, आणि कुंचल्याला बारीक टोक यावे म्हणून तो ओठांनी ओला करीत. रंग निरुपद्रवी आहे असे त्यांना सांगण्यात आले होते. पुढे त्यांचे जबडे झिजले, हाडे ठिसूळ झाली, कित्येकजणी मरण पावल्या. त्यांपैकी पाचजणींनी न्यायालयात दाद मागितली आणि १९२८ साली त्या प्रकरणात तडजोड झाली. कारखान्यातील कामगारांच्या संरक्षणाच्या इतिहासात हा लढा मैलाचा दगड मानतात. रेडियमचा वापर पुढे बंद पडला. त्याच्या जागी प्रथम ट्रिटियम आणि १९९३ नंतर किरणोत्सर्ग नसलेली, उजेड साठवून तो अंधारात सोडणारी द्रव्ये आली. आज रात्रीच्या पहाऱ्यावर शिपाई निर्धास्तपणे घड्याळ पाहतो, त्यामागे या मुलींचाही वाटा आहे.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आणखी दोन उणिवा दूर झाल्या. घड्याळाच्या पोटात जे लहानसे चक्र सारखे मागेपुढे झुलत असते, त्याच्या आसाची टोके केसासारखी बारीक असतात; घड्याळ हातून पडले की प्रथम मोडतात ती हीच. १९३४ च्या सुमारास स्वित्झर्लंडात इन्काब्लॉक नावाची युक्ती निघाली. आसाची टोके ज्या माणकांत फिरतात ती माणकेच एका नाजूक कमानीवर बसविली, म्हणजे धक्का बसताच माणिक किंचित हलते आणि आस वाचतो. 'सोवार प्रायमा' या घड्याळात ही योजना लौकरच आली. दुसरी उणीव पाण्याची. चावीच्या भोकातून ओल आत शिरे. ते बंद करण्यासाठी पेचाने घट्ट बसणारी चावी आणि मागचे झाकण १९२६ पासून प्रचारात आले.

दुसऱ्या महायुद्धात या सर्व धड्यांची एक नियमावलीच झाली. ब्रिटिश सरकारने पायदळासाठी मागविलेल्या घड्याळाची लक्षणे ठरवून दिली : काळी तबकडी, ठळक आकडे, चमकणारे काटे, न फुटणारी काच, पंधरा माणकांचे यंत्र आणि पाणी आत न शिरणारी पेटी. ओमेगा, लाँजिन्स, सायमा अशा बारा स्विस कारखान्यांनी ती घड्याळे घडविली आणि १९४५ साली ती सैन्याच्या हाती आली. अमेरिकन सैन्याच्या ए-११ या घड्याळात आणखी एक सोय होती. चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा थांबे. त्यामुळे साऱ्या तुकडीची घड्याळे सेकंदासेकंदाने जुळविता येत.

या शिस्तीचे फळ इटलीत दिसून आले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवरील हल्ल्याच्या आधी तोफांचा मारा ठराविक मिनिटांच्या टप्प्यांनी, मधूनमधून थांबवून, पुन्हा पुन्हा करण्यात आला. मारा थांबला की हल्ला येणार की पुन्हा गोळे पडणार, हे शत्रूला कळू नये असा त्यात डाव होता. त्या हल्ल्यात अहमदनगर जिल्ह्यातील निमजचे शिपाई नामदेव जाधव हे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये निरोप्याचे काम करीत होते. जखमी सोबत्यांना त्यांनी खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या जमिनीवरून वाहून नेले. नंतर शत्रूच्या मशीनगनींची ठाणी एकट्याने निकामी केली, आणि बंधाऱ्यावर चढून पलटणीच्या रणघोषाने मागच्यांना पुढे बोलाविले. या पराक्रमाबद्दल त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घड्याळ पराक्रम घडवीत नाही, हे खरे. पण पराक्रमी माणूस योग्य क्षणी योग्य जागी असावा, एवढी व्यवस्था ते करते.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानची राजाराम रायफल्स ही पलटणही मराठा लाइट इन्फन्ट्रीत सामील झाली. स्वतंत्र देशाच्या शिपायाचे घड्याळ तेव्हा परदेशीच होते. १९६१ साली सरकारी एच. एम. टी. कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना काढला. तिच्या 'जनता' घड्याळाबरोबरच चावीचे, सतरा माणकांचे 'जवान'ही लोकप्रिय झाले. अनेक घरांत निवृत्त सुभेदाराच्या मनगटावर ते शेवटपर्यंत राहिले. कंपनीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. पण घरोघरच्या ट्रंकांतील 'जवान' अजून चावी दिली की चालू लागतात.

दरम्यान यंत्रच बदलले होते. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सायको कंपनीने पहिले स्फटिकाचे मनगटी घड्याळ विक्रीस आणले. आज अशा घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि महिन्याकाठी पंधरा-वीस सेकंदांहून अधिक चूक सहसा होत नाही. कमानीचे चांगले घड्याळ तेवढी चूक दोन-चार दिवसांत करते. १९८३ साली कॅसिओचे अभियंते किकुओ इबे यांनी दहा मीटर उंचीवरून पडूनही न मोडणारे जी-शॉक सिद्ध केले. त्यासाठी त्यांना सुमारे दोनशे नमुने करावे लागले. महागड्या स्विस घड्याळापेक्षा हे प्लॅस्टिकचे घड्याळ धक्के अधिक सोसते, हे जगभरच्या शिपायांनी अनुभवाने पाहिले आहे.

तेव्हा कपाटापुढे उभ्या असलेल्या बापाने काय पाहावे? तबकडी काळी व विनाचमक असावी. उन्हात लकाकणारी पेटी दुरून जागा दाखविते. काटे अंधारात दिसावेत. पाण्याविषयी '३० मीटर' असे लिहिले असले तर ते शिंतोड्यांपुरते समजावे. गगनबावड्याच्या पावसात वाढलेल्या मुलालाही नदी ओलांडावयाची असेल तर १०० मीटरचे घ्यावे. पट्टा जाड कापडाचा असावा. चामडे घामाने व ओलीने कुजते. हिमालयात नेमणूक झाल्यास बॅटरी थंडीने क्षीण होते आणि अंकदर्शक पडदाही मंदावतो, म्हणून काट्यांचे घड्याळ बरे.

शेवटची सूचना नवी आहे. आजची काही घड्याळे जागा ओळखतात आणि ती दूरच्या यंत्रांना कळवितात. धावणाऱ्यांच्या अशाच नोंदींचा एक जगाचा नकाशा प्रसिद्ध झाला होता. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या ध्यानात आले की त्यात निर्जन प्रदेशांतील लष्करी तळांच्या वाटाही उमटल्या आहेत. शिपायाच्या घड्याळाने वेळ सांगावी. शिपाई कोठे आहे हे कोणास सांगू नये. सोमच्या खंदकात घड्याळ दोन मिनिटे चुकले तर माणसे मरत. आज ते जास्त बोलले तरी मरतील. म्हणून शिपायासाठी घड्याळ घेताना पुढचे सारे गुण कमीअधिक चालतील. पण त्याने विश्वासघात करू नये, एवढी एक अट प्रथम पाहावी.