दाखला : आत आल्याची खूण

चाकणच्या कंपनीत शिरायला गेटपास पुरतो. महाराष्ट्राचे अधिवासी ठरायला साधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे लागतात. वीजबिलं, भाडेकरार, मुलांच्या शाळेचे कागद पिशवीत घालून पिंपरी-चिंचवडचा कामगार रांगेत उभा राहतो, तो ‘दाखल्या’साठी. हा शब्द आपल्याकडे आला फारसीच्या वाटेने. मूळ अरबी, अर्थ आत शिरण्याचा. ‘दाखल’ आणि ‘दखल’ ही त्याचीच भावंडं. आत आल्याची वहीत नोंद झाली, की ती नोंदच पुरावा. म्हणून मुद्दा पटवायला दिलेलं उदाहरणही दाखलाच. गंमत म्हणजे शाळा सोडल्याचाही आपण दाखलाच घेतो! अधिवासाचा दाखला मात्र मूळ अर्थाला जागतो : बाहेरून आलेला माणूस सरकारदप्तरी आतला होतो.