चौथ्या मजल्यावरचा रोमन

इसवी सन ११४. रोममधली सुबुरा वस्ती. उजाडायला अवकाश आहे आणि तुम्ही चार जिने चाचपडत उतरताय. एका हातात रिकामी घागर, दुसऱ्यात रात्रीचं भांडं. ते खिडकीतूनच खाली उपडं करणारे शेजारी आहेत. कुणाच्या अंगावर पडलं तर भरपाई द्यावी लागते, असा कायदा आहे. पण अंधारात खिडकी ओळखणार कोण? तुम्ही कोपऱ्यावरच्या रांजणात ओतता. धोबी ते नेतील, लोकरीचे कपडे लघवीतच धुतले जातात.

मग हौदावर घागर भरायची आणि पुन्हा वर. डोंगरातलं पाणी दहा कालव्यांनी रात्रंदिवस शहरात येतं, तुमच्या मजल्यापर्यंत मात्र चढत नाही. सम्राट ऑगस्टसने इमारतींना ७० फुटांची मर्यादा घातली होती, आताच्या सम्राट ट्रेजनने ती ६० वर आणली. जितकं वर, तितकं भाडं कमी. लिफ्टच्या जमान्यातल्या माणसाला हा हिशेब उलटा वाटेल. पण पाणी खांद्यावरून न्यायचं आणि आग लागली तर पळायचं, या दोन गोष्टी धरल्या की तो सरळ होतो.

खोलीत चूल नाही. पाणी घातलेल्या वाईनमध्ये पाव बुडवून खाता आणि टोगा गुंडाळायला बसता. जाडजूड लोकरीचं हे धूड अंगावर नीट बसवणं एकट्याचं काम नव्हे. पण टोगाशिवाय आश्रयदात्याच्या दारात उभं राहता येत नाही. गेल्या वर्षापर्यंत तुम्ही त्याचे गुलाम होतात. आता रोमचे नागरिक आहात, त्याच्या कुळाचं नाव लावता. तरी रोज पहाटे मुजरा चुकत नाही. तुम्हाला सरकारी पद कधीच मिळणार नाही. तुमच्या मुलाला मिळू शकेल, आणि हा टोगा तुम्ही बहुतेक त्याच्यासाठीच ओढताय.

मुजऱ्याचे शंभर क्वाद्रान्स हातात पडतात. क्वाद्रान्स म्हणजे सगळ्यात लहान नाणं. परतताना मिरीच्या सरकारी कोठाराचा वास येतो. चाळीसेक वर्षांपूर्वी प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवलेला भाव धरला, तर पाउंडभर काळ्या मिरीला चार दिनार, म्हणजे तुमचे अडीच दिवसांचे मुजरे. ही मिरी मलबारची. पैठण आणि तेरचा मालही भरूचच्या बंदरातून याच बाजूला निघतो. तेरहून तर कापड येतं. ते खरेदी करणारे लोक चौथ्या मजल्यावर राहत नाहीत.

दुपारी स्नानगृह. प्रवेश एक क्वाद्रान्स, आणि या शहरात इतक्या स्वस्तात दुसरं काही मिळत नसावं. तेल चोळायचं, वाकड्या पात्याने मळ खरवडायचा, गरम कुंडात उतरायचं. शेजारी व्यापारी, वकील, कसाई. सगळे उघडे, सगळे बडबडत. समानता आहे खरी, पण ती फरशीच्या वरची. खाली भट्टीत लाकडं सारणारे गुलाम दिसत नाहीत. तुम्हाला ते ठाऊक आहे, कारण मालकाने तुम्हाला अशाच एका भट्टीवर भाड्याने दिलं होतं. पाय जरा जास्त भाजले, की खालचा माणूस नवखा आहे, हे तुम्ही ओळखता.

रात्री झोप कसली? गाड्यांना दिवसा बंदी, म्हणून अंधार पडताच खडखडाट सुरू होतो. आगीवर पहारा देणारी पथकं गस्तीवर निघतात, पण जळत्या इमारतीत त्यांचं मुख्य काम शेजारचं घर पाडून आग अडवणं हेच.

१ जुलै जवळ आलाय, भाडेकरार त्या दिवशी बदलतात. दुसऱ्या मजल्यावरची खोली रिकामी होतेय. भाडं ठरवायला घरमालकाचा कारभारी येतो, तो स्वतः गुलाम आहे. तुम्ही, रोमचे नागरिक, त्याला घासाघीस करत विचारता: दोन जिने कमी चढायचे किती पैसे?

तो आकडा सांगतो. तुम्ही घागर उचलून वर निघता.