गस्तीचं दुसरं टोक

‘गस्त’ मूळची फारसी. तिथे ‘गश्त’ म्हणजे फिरणं, चक्कर मारणं. राखणीचे आपले जुने शब्द मात्र फिरण्यातून आलेले नाहीत. जागतो तो जागल्या, वेस सांभाळतो तो वेसकर. ही कामं बऱ्याच गावांत महारांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या मारलेली होती; त्यांना ‘लोकसहभाग’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण रीत पक्की होती: जागल्यानं पाहायचं आणि पाटलाला सांगायचं. १८६७च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्यानं इंग्रजांनी ही रीत सरकारी केली. १९६७च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानं पोलीस पाटील हा वतनदार न राहता नेमलेला माणूस झाला. पुढे २०१६ साली दारूबंदी कायद्यातल्या दुरुस्तीनं अवैध दारूवर नजर ठेवायला ग्रामरक्षक दलंही आली.

डहाणू-तलासरीत या गोष्टीला वेगळंच वळण आहे. इथल्या वारल्याला रात्री सोबत असे ती वेशीवरच्या वाघोबाची. सरकार त्याला भेटे ते जमीनदाराच्या बाजूनं उभं असलेलं. २३ मे १९४५ला झरी गावच्या सभेत वारल्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला, खोट्या निरोपावरून जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले.

टाळेबंदीतल्या एप्रिल २०२०मध्येही निरोप खोटाच होता, फक्त तो मोबाइलवरून आला: चोर फिरताहेत, पोरं पळवणारे फिरताहेत. गावोगाव लोक काठ्या घेऊन रात्र जागवू लागले. १६ तारखेच्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे, दादरा-नगर हवेलीच्या सीमेलगत, सुरतेला अंत्यविधीला निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक जमावानं ठार मारले. पोलीस तिथे पोचले होते, पण जमावानं त्यांनाही जुमानलं नाही. शंभरावर माणसं पकडली गेली.

त्या रात्री गस्त होती. पाहिलेलं सांगायचं आणि धरलेला सोपवायचा, हे तिचं दुसरं टोक तुटलेलं होतं. कायद्यात ते तेव्हाही होतं. आपल्या डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला कोणीही धरू शकतो, पण त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागतं. पूर्वी ‘विनाविलंब’ एवढंच म्हटलेलं होतं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०नं त्याला सहा तासांची मुदत घातली आहे.