दहा मीटरचे कोडे

हवेचा दाब शिकवताना वर्गात एक प्रयोग हमखास होतो. काठोकाठ भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून पेला अलगद उपडा केला, तरी पाणी सांडत नाही. मुले टाळ्या वाजवतात, फळ्यावर व्याख्या लिहिली जाते आणि धडा संपतो. ती व्याख्या मात्र मानवाच्या हाती इतक्या सहजी आलेली नाही. तिच्यामागे एका थोर गुरूचे चुकलेले उत्तर आहे आणि त्या गुरूविषयीचा आदर कायम ठेवून वेगळे उत्तर शोधणारा एक शिष्य आहे.

ही कथा सतराव्या शतकातील इटलीची. विहिरीतील पाणी वर ओढण्यासाठी तेथे दट्ट्याचे पंप वापरले जात. दट्ट्या वर खेचला की त्याच्या पाठोपाठ पाणी चढे. निसर्गाला पोकळी सहन होत नाही, म्हणून पाणी धावत येऊन ती भरून काढते, असे ॲरिस्टॉटलच्या परंपरेतील विद्वान सांगत. व्यवहारात मात्र एक अडचण होती. पाण्याची पातळी फार खाली गेली की पंप कितीही चांगला असला तरी पाणी येत नसे.

गॅलिलिओ गॅलिली यांनी १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संवादात्मक ग्रंथात या अडचणीचा उल्लेख केला आहे. त्यातील एक पात्र सांगते, की पंप बिघडला असे समजून त्याने कारागिराला बोलावले. कारागिराने पंप तपासला आणि यंत्रात दोष नाही, असे सांगितले. पाणीच फार खोल गेले होते. अठरा ब्राच्चांपलीकडे, म्हणजे सुमारे दहा मीटरांपलीकडे, ओढून घेणारा कोणताही पंप पाणी चढवू शकत नाही, हे त्या कारागिराला अनुभवाने ठाऊक होते. पण निसर्गाला पोकळी नको असेल, तर ही नावड दहा मीटरांवरच का संपावी?

गॅलिलिओंचे उत्तर असे होते: टांगलेला दोर फार लांब झाला, तर स्वतःच्याच वजनाने तुटतो. तसाच पाण्याचा स्तंभही दहा मीटरांनंतर आपल्याच भाराने तुटत असावा. उत्तर सुंदर होते, पण चुकीचे होते. विशेष हे, की त्याच ग्रंथात गॅलिलिओंनी हवेला वजन असते हे दाखवले आहे. भांड्यात हवा दाबून भरून त्यांनी ती तराजूत तोललीही होती. जिनोआचे बालियानी यांनी तर १६३० मध्येच त्यांना पत्राने सुचवले होते, की पाणी पेलून धरणारा जोर बाहेरच्या हवेच्या वजनाचा असू शकेल. कोड्याचे दोन्ही तुकडे गॅलिलिओंच्या हाताशी होते. ते जुळले मात्र नाहीत.

१६४१ च्या शरदात एव्हान्जेलिस्ता तोरिचेल्ली नावाचा तरुण गणितज्ञ गॅलिलिओंच्या घरी आला. गुरू तेव्हा पूर्ण अंध झाले होते. हा सहवास जेमतेम तीन महिन्यांचा ठरला. ८ जानेवारी १६४२ रोजी गॅलिलिओंचे निधन झाले.

तोरिचेल्ली यांनी गुरूचा प्रश्न पुढे नेला. दहा मीटरची पाण्याची नळी हाताळणे कठीण, म्हणून त्यांनी पारा निवडला. पारा पाण्याच्या सुमारे १३.६ पट जड असतो. बाहेरची हवाच द्रवाला पेलत असेल, तर पाऱ्याचा स्तंभ त्याच पटीने आखूड असला पाहिजे. गॅलिलिओंचेच दुसरे शिष्य विव्हियानी यांनी प्रयोग केला. एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून, तोंडावर बोट धरून, पाऱ्याच्या भांड्यात उपडी केली. बोट काढताच पारा थोडा उतरला आणि सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला. ७६ ला १३.६ ने गुणले की सुमारे १० मीटर ३० सेंटिमीटर येतात. कारागिराने सांगितलेली मर्यादा हीच!

जोर पोकळीचा की बाहेरच्या हवेचा, हे ठरवण्यासाठी दुसरी एक नळी घेतली होती. तिच्या बंद टोकाला मोठा काचगोल होता. पोकळी ओढत असती, तर मोठ्या पोकळीने पारा अधिक उंच ओढला असता. दोन्ही नळ्यांत तो एकाच पातळीवर राहिला. आपण हवेच्या एका समुद्राच्या तळाशी राहतो, असा विचार तोरिचेल्ली यांनी ११ जून १६४४ च्या पत्रात आपले मित्र रिच्ची यांना कळवला.

समुद्रात वर चढत गेले, तर डोक्यावरचे पाणी कमी होते. मग पर्वतावर हवेचा भारही कमी भरायला हवा. हा विचार फ्रान्समधील ब्लेझ पास्काल यांनी कसोटीला लावला. त्यांच्या सांगण्यावरून त्यांचे मेहुणे फ्लोरॅं पेरिए १९ सप्टेंबर १६४८ रोजी काही प्रतिष्ठित नागरिकांना घेऊन प्वी द दोम हा डोंगर चढले. पायथ्याच्या क्लेर्मों गावातील मठाच्या बागेत एक नळी ठेवून दिवसभर तिच्याकडे लक्ष ठेवण्याचे काम एका धर्मगुरूवर सोपवले होते. खाली पारा सुमारे ७१ सेंटिमीटर होता आणि दिवसभर हलला नाही. सुमारे हजार मीटर वर, शिखरावर, तो साडेआठ सेंटिमीटरने खाली आला. पेरिए यांनी शिखरावर जागा बदलून पाच वेळा मोजले. दर वेळी तेच उत्तर आले. आता शंकेला जागा उरली नाही.

तोरिचेल्ली यांना हे कळले नाही. आदल्या वर्षीच, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले होते. आज दाबाच्या एका एककाला त्यांचे नाव आहे, दुसऱ्याला पास्काल यांचे. रक्तदाब आजही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच सांगितला जातो.

या इतिहासात गॅलिलिओंचा मान कुठेही कमी होत नाही. त्यांनी प्रश्न लपवला नाही. कारागिराचे म्हणणे ग्रंथात नोंदवून ठेवले, म्हणूनच शिष्याला ते पुढे नेता आले. पाठ्यपुस्तकात अंतिम उत्तर तेवढे उरते, आणि वर्गात चुकीचे उत्तर देणारे मूल खाली मान घालून बसते. त्या मुलाला ही कथा अवश्य सांगावी.

आणि ते कोडे आजही आपल्या अंगणात आहे. आपल्याकडील खोल कूपनलिकेच्या हातपंपाचा दट्ट्या वर दांड्याशी नसतो. तो खाली, पाण्याजवळ सोडलेला असतो. पाणी वरून ओढता येत नाही, म्हणून ते खालून उचलावे लागते. एखाद्या विद्यार्थ्याने पंपाचा दांडा हलवताना हे असे का, असे विचारले, तर त्याने गॅलिलिओंच्या कारागिराशीच संवाद सुरू केला, असे समजावे.